चहाच्या टपरीवर मत बदलत नाही, मग ठरतं काय?

सकाळी फिरून आल्यावर टपरीवर चहा घेणारी किंवा संध्याकाळी देवळाच्या पारावर बसणारी मंडळी वर्षानुवर्षं राजकारणावर बोलत असतात. त्या बोलण्यानं कुणाचं मत फिरल्याचं उदाहरण शोधायला गेलात तर बहुधा हात हलवत परत याल. घड्याळवाला घड्याळावर ठाम, कमळवाला कमळावर, पंजावाला पंजावर. निवडणूक आली की आवाज चढतात, गेली की उतरतात, आणि आजच्या चहाचे पैसे कुणी द्यायचे हा वाद त्या सगळ्याला पुरून उरतो. घरचे याला रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणतात. लोकशाहीवर लिहिणाऱ्या बऱ्याच विद्वानांचं मतही फार वेगळं नव्हतं. त्यांच्या लेखी खरी चर्चा म्हणजे माहिती घ्यावी, मुद्दा मांडावा, समोरच्याचं ऐकावं आणि पटलं तर माघार घ्यावी. टपरीवर यातलं काहीच धड होत नाही.

मग माणसं रोज येतात कशाला? आणि जिथं काही निष्पन्नच होत नाही, अशा कट्ट्यांवर प्रत्येक पक्षाचा नि संघटनेचा इतका डोळा का असतो?

मला पटलेलं उत्तर थोडक्यात सांगतो. या गप्पांत मत ठरत नाही, आपली माणसं कोण हे ठरतं. ते एकदा ठरलं की त्या माणसांना शोभेल असं मत मागाहून आपोआप येतं. रस्ता, कर, आरक्षण, सीमाप्रश्न, विषय कुठलाही असो. ‘यात बरोबर काय’ हे शोधायला वेळ लागतो, कागदपत्रं लागतात. ‘यात आपल्यासारख्यांचं काय होणार’ हे मात्र अर्ध्या कटिंगमध्ये कळतं.

हे नुसतं अंदाजानं बोलणं नाही. कॅथरीन क्रेमर या अमेरिकी राज्यशास्त्राच्या अभ्यासक. मिशिगन राज्यात अ‍ॅन आर्बर नावाचं विद्यापीठाचं शहर आहे. तिथल्या कोपऱ्यावरच्या एका दुकानात काही निवृत्त पुरुष रोज सकाळी कॉफीला जमायचे. क्रेमर त्यांच्यात जाऊन बसू लागल्या. प्रश्नावली नाही, ‘मत कुणाला देणार’ अशी विचारपूस नाही. म्हातारे बोलतील ते ऐकायचं, एवढंच. त्यावरचं त्यांचं पुस्तक २००४ साली आलं.

त्यांच्या लक्षात आलं की राजकारण हा विषय तिथं कुणी मुद्दाम काढत नाही. दुखणीखुपणी, खेळ, जुन्या ओळखी यांच्या बोलण्यात तो मिसळूनच येतो. आणि आला की बातमीचा खल होण्याऐवजी ‘आपल्यासारख्या माणसाच्या’ नजरेतून तिचा अर्थ लावला जातो. आपली पिढी, आपली मेहनत, आपलं गाव या मापानं. वर्तमानपत्रानं किंवा टीव्हीनं बातमी एका पद्धतीनं मांडलेली असली तरी टेबलावर तिची मांडणी बदलून जायची. माध्यमं लोकांची डोकी भरवतात, असं आपण सहज म्हणून जातो. ती भरवतही असतील, पण मधे हे टेबल असतं.

पुढे २००७ पासून क्रेमर यांनी हेच काम विस्कॉन्सिन राज्यभर केलं. गावोगावचे पेट्रोलपंप, छोटी हॉटेलं, चर्चचे हॉल, असे जिथं लोक एरवीही जमतात ते अड्डे त्यांनी गाठले. खेड्यांत त्यांना एकच सूर पुन्हापुन्हा ऐकू आला: आमच्याकडे कुणी बघत नाही, आमचा पैसा राजधानीत मॅडिसनला जातो आणि परत येत नाही, आणि शहरातले लोक आम्हाला अडाणी समजतात. २०११ मध्ये गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनांचे वाटाघाटीचे हक्क छाटले, तेव्हा मॅडिसनमध्ये प्रचंड मोर्चे निघाले. खेड्यांतल्या अनेकांना मात्र वॉकर बरोबर वाटले. सरकारी खर्च किती असावा याचा त्यांनी काही अभ्यास केला होता, असं नव्हे. त्यांच्या बोलण्यात सरकारी नोकर हा आधीच ‘त्यांच्यातला’ झाला होता: पेन्शनवाला, विमावाला, आपल्या करावर जगणारा. क्रेमर यांनी आकडे तपासले, तर ग्रामीण भागाला दरडोई पैसा कमी मिळतो असं सरळ काही दिसलं नाही. पण तो आकडा त्या टेबलावर कुणी मागितलाच नव्हता.

विदर्भातल्या वाचकाला हा सूर ओळखीचा वाटेल. तिथं फरक असा की आकडेही पाठीशी होते. १९८३ साली नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीनं प्रादेशिक असमतोल मोजून दाखवला आणि ‘अनुशेष’ हा सरकारी अहवालातला शब्द पानठेल्यावर जाऊन बसला. म्हणजे गप्पांतलं ‘आपल्यावर अन्याय’ खरंही असू शकतं. गप्पांना त्यानं फरक पडत नाही, हीच त्यातली गोम.

आता आपला गट बनायला किती लागतं? फारच थोडं. समाजमानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल हा पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात असताना तो जर्मनांच्या कैदेत सापडला. सुटून आला तेव्हा घरातलं जवळपास कुणी उरलं नव्हतं. माणसं एकमेकांची ‘ती’ कशी होतात, हा प्रश्न त्याला आयुष्यभर पुरला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांवर त्यानं प्रयोग केले. मुलांना काही चित्रं दाखवली, आवडीनिवडी विचारल्या आणि सांगितलं, तुम्ही क्ले या चित्रकाराच्या गटातले, तुम्ही कांडिन्स्कीच्या. प्रत्यक्षात वाटणी कशीही केलेली होती. आपल्या गटात कोण आहे हे मुलांना ठाऊक नव्हतं, गटांत भांडण नव्हतं, फायद्यातोट्याचा संबंध नव्हता. तरी पैसे वाटायला दिल्यावर मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. त्याहून चमत्कारिक म्हणजे, आपल्या गटाला जास्तीत जास्त मिळावं यापेक्षा दोन गटांत फरक जास्तीत जास्त पडावा, याकडे त्यांचा ओढा दिसला. आपले दोन पैसे गेले तरी चालतील, समोरच्याचे चार गेले पाहिजेत. भाऊबंदकीचे दावे पाहिलेल्या माणसाला यासाठी ब्रिस्टलला जायची गरज नाही, पण प्रयोगशाळेत सिद्ध झालं ते बरं झालं.

प्रयोगशाळेत गटाचं नाव संशोधक देतो. बाहेर ते कोण देतं? तिथंच गप्पा येतात, आणि त्यांची कामाची रीत फार हलकी असते. वाद घालून कुणी कुणाला ‘आपला’ करत नाही. कुणीतरी मेव्हण्याला तहसील कचेरीत मारायला लागलेल्या खेपा सांगतो. दुसरा म्हणतो, ‘आपल्या लोकांचं असंच होतं.’ कुठले आपले लोक? गावातले? जातीतले? शेतकरी? मराठी? तो सांगत नाही. तिसरा स्वतःचा किस्सा जोडतो आणि त्या जोडण्यातून उत्तर मिळतं. तिसरा शेजारच्या गावातल्या शेतकऱ्याची गोष्ट सांगेल तर ‘आपण’ म्हणजे शेतकरी. तो भावकीतल्या मुलाच्या नोकरीचं सांगेल तर ‘आपण’ म्हणजे जात. मेव्हण्याच्या खेपा तेवढ्याच राहतात, त्यांचा मालक बदलतो.

आणि मग विनोद. ‘ह्या लोकांचं काय सांगावं’ म्हणून कुणी एक टोला हाणतो. दोघं हसतात, एक जण फोन काढून बघत बसतो. फोन काढणाऱ्याला तो विनोद आवडला नसेलही. पण तो बोलला नाही, म्हणून त्या बाकड्यापुरती ती गोष्ट मंजूर झाली. पुढच्या वेळी तोच टोला आणखी सहज येतो. माझ्या मते गटाची ओळख भाषणांपेक्षा या न बोललेल्या हरकतींवर जास्त उभी असते.

याचं आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे मुंबईचं गिरणगाव. १८५४ साली पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली आणि पुढच्या काही दशकांत लालबाग, परळ, नायगाव, वरळी, डिलाईल रोड हा सगळा पट्टा भोंग्यावर उठू-बसू लागला. माणसं आली ती रत्नागिरीहून, साताऱ्या-कोल्हापुराहून, काही उत्तरेतूनही. बायकापोरं गावाला, आपण एकट्यानं मुंबईत. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीनं झोपायचं. एकाची रातपाळी सुरू झाली की दुसऱ्याची वळकटी पसरायची. एकेका गावाचे स्वतःचे गाळे असत, भिंतीला ट्रंका रचलेल्या, जेवण खानावळीत. इतक्या माणसांना खोली पुरणार कशी? मग माणूस राहायचा तो गॅलरीत, नाक्यावर, व्यायामशाळेत, भजनी मंडळात. खोली लहान असल्यामुळे बोलायची जागा मोठी झाली.

राजनारायण चंदावरकर या इतिहासकारानं मुंबईच्या कामगारांवर आयुष्यभर काम केलं. त्यांचा एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. कारखान्यात एकत्र काम केलं की माणसं आपोआप ‘कामगार’ होतात, ही समजूत त्यांनी खोडून काढली. गिरणीच्या आत उलट फाटाफूटच होती. खाती वेगळी, पगार वेगळे, नोकरी जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, मर्जीवर. संप टिकायचा की मोडायचा हे पुष्कळदा बाहेर, वस्तीत ठरायचं. वाणी उधारी देतो का, खानावळवाली थांबते का, चाळीचा मालक भाड्यासाठी सामान बाहेर काढतो का. आणि संपकाळात गिरणीत जाणाऱ्याकडे गॅलरीतले लोक कसे बघतात, हेही. ‘आपण कामगार’ हे भोंग्यानं दिलेलं नाव नव्हतं. ते वस्तीत रोज बोलून बोलून टिकवावं लागे.

ते नाव किती ताणता येतं, हे १९०८ मध्ये दिसलं. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद पडल्या, वर्षाला एक दिवस या हिशेबानं. पुण्याच्या संपादकावरचा राजद्रोहाचा खटला हा लालबागच्या साचेवाल्याचा, म्हणजे कापड विणणाऱ्या कामगाराचा, प्रश्न कसा झाला? केसरी वाचू शकणारे त्यात थोडेच असणार. पण एक वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. ऐकताना लोक मधे बोलतात, आणि त्या मधल्या बोलण्यात टिळक ‘आपले’ झाले.

ते नाव कुठं तुटतं हेही गिरणगावानंच दाखवलं. १९२८ चा मोठा संप सहा महिने चालला. कम्युनिस्टांचा लाल बावटा, गिरणी कामगार युनियन, तिचे नेते डांगे, सगळं याच काळातलं. ‘आपण सगळे कामगार’ ही घोषणा तेव्हा ऐन भरात होती. आणि साचेखात्यात दलित कामगाराला प्रवेश नव्हता. सुताची नवी कांडी धोट्यात (मागावर धागा इकडून तिकडे नेणाऱ्या साधनात) घातली की धाग्याचं टोक तोंडानं ओढून बाहेर काढावं लागे. एकाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून ही बंदी. साचेखात्यात पगार बरा होता, तेव्हा विटाळाची किंमत रुपयांत मोजली जात होती. ही बंदी पाळून घेणारे सवर्ण कामगारच होते. डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे उघड मांडला आणि संपाच्या मागण्यांमध्ये तो यायला हवा असा आग्रह धरला. आता विचार करा, गॅलरीत वर्षानुवर्षं कामगारांच्या एकजुटीवर बोलणं चाललं असेल, त्यात साचेखात्याचा विषय किती वेळा निघाला असेल? ज्या गॅलरीत दलित कामगार राहतच नव्हता, तिथं तो काढणार तरी कोण?

तीसएक वर्षांनी याच चाळींत ‘आपण’ची दुसरी व्याख्या आली, आणि ती पहिलीला न पुसता तिच्यावर चढली. राज्य पुनर्रचना आयोगानं मुंबईसह मराठी राज्य नाकारलं. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनवर गोळीबार झाला. फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली. कामगार मराठी आणि बडे मालक, व्यापारी पुष्कळसे गुजराती, त्यामुळे वर्गाची रेघ आणि भाषेची रेघ चाळीतल्या माणसाला एकाच ठिकाणी पडलेली दिसली. मालकाविरुद्ध बोलता बोलता दिल्लीविरुद्ध बोलता येत होतं. अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड हेच करते. सुरुवात होते गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीनं, मग मुंबईतलं कष्टाचं जिणं, आणि बघता बघता विरह महाराष्ट्राचा होतो. खोलीत वळकटीवर पडलेल्या माणसाचं खासगी दुःख आणि राज्याच्या सीमा यांची अशी गाठ कुठल्याही ठरावाला मारता आली नसती. समितीत डांगे होते, एस. एम. जोशी होते, अत्रे होते. एरवी एका ताटात न जेवणारे पक्ष चाळीतल्या बोलण्यानं एका मांडवाखाली आणले.

१ मे १९६० ला राज्य झालं. आता दिल्लीविरुद्ध बोलण्यात ती धार उरली नाही, पण ‘मराठी माणूस’ हे नाव तयार होतं, तोंडात बसलं होतं. ऑगस्ट १९६० मध्ये बाळ ठाकरे यांचं ‘मार्मिक’ हे साप्ताहिक निघालं. त्यात मुंबईतल्या कार्यालयांमधल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येत, बहुतेक नावं दाक्षिणात्य, वर मथळा ‘वाचा आणि थंड बसा’. गप्पांच्या अभ्यासकानं हे सदर जरूर पाहावं. त्यात फारसा युक्तिवाद नाही. नुसती नावं. उरलेलं काम चाळीच्या गॅलरीनं करायचं होतं, आणि तिनं ते केलं. तोवर चाळीत एक पिढी बदलली होती. बाप गिरणीतला, मुलगा एसएससी झालेला. त्याला साचा चालवायचा नव्हता, कुठल्यातरी ऑफिसात टेबल हवं होतं. बापाच्या बोलण्यातला ‘तो’ म्हणजे मालक, मुलाच्या बोलण्यातला ‘तो’ म्हणजे टायपिंग येणारा मद्रासी. एकाच खोलीत दोन ‘ते’ राहू लागले. १९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन झाली आणि तिच्या शाखांनी या मुलाला बसायला जागा दिली. जागा देणं ही किरकोळ गोष्ट नाही, बोलणं जागेला धरूनच होतं. जून १९७० मध्ये लालबाग-परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या. त्यांचा पराभव करून वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. लाल बावट्याच्या बालेकिल्ल्यात.

हे सगळं नुसत्या गप्पांनी झालं असं मी म्हणणार नाही. नोकऱ्या आटल्या होत्या, कम्युनिस्ट नकोसे असलेले सत्ताधारी होते, रस्त्यावरची मारामारी होती. पण नोकरी मिळाली नाही ही घटना झाली. ती ‘मालकामुळे’ नाही मिळाली की ‘त्या लोकांमुळे’, हे मुलाखतीच्या पत्रात लिहिलेलं नसतं.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप लांबला तसे कित्येक जण गावाला गेले. संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. पुढे गिरण्या बंद, जमिनी विक्रीला, जिथं भोंगा होता तिथं मॉल. नाका मोकळा झाला आणि ‘आपण कामगार’ हे बोलायला जागाच उरली नाही. ते नाव आज कानावर पडतं ते म्हाडाच्या सोडतीत, गिरणी कामगार आणि त्यांचे वारस म्हणून.

एकाच माणसात अशा किती ओळखी गुण्यागोविंदानं नांदतात, याचा स्वच्छ पुरावा गोव्यानं दिला. १६ जानेवारी १९६७ ला तिथं जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. कौलाआधी मुख्यमंत्रिपदावरून पायउतार झालेले भाऊसाहेब बांदोडकर आणि त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष फुलाच्या बाजूचे. त्यांच्यामागे बहुजन समाज होता: कुळं, मुंडकार (जमीनदाराच्या जागेत घर करून राहणारे), भाटकाराच्या म्हणजे जमीनदाराच्या जमिनीवर राबलेली माणसं. या हिशेबानं फूल जिंकायला हवं होतं.

पण त्या महिन्यांत तिंठ्यावर (नाक्यावर) आणि तावेर्नात (दारूच्या गुत्त्यात) प्रश्न भाटकार-मुंडकार असा राहिला नाही. महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदी होती, मग माडाचा रस काढणाऱ्या रेंदेरांचं आणि फेणीचं काय? नोकऱ्या कुणाला जाणार? पणजीचा कारभार मुंबईहून चालणार का? आणि ‘राष्ट्रमत’ हे दैनिक विलीनीकरणाविरुद्ध लढत होतं ते मराठीतून. कोकणीतून लढलं असतं तर हिंदू बहुजनांच्या ओसरीवर ते पोचलंच नसतं. मराठी वाचणारा माणूसही गोंयकार म्हणून वेगळा राहू शकतो, ही गोष्ट त्या पत्राच्या मजकुराइतकीच त्याच्या भाषेनं सांगितली. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१.

गंमत पुढे आहे. दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी बांदोडकरांचा पक्ष पुन्हा सत्तेवर बसवला. जानेवारीत गोंयकार, मार्चमध्ये बहुजन. यात कुणी फसलं नाही की कुणी घूमजाव केलं नाही. त्यांची दोन्ही नावं खरी होती. कुठल्या महिन्यात कुठलं तोंडावर येईल, हे त्या महिन्यातल्या बोलण्यानं ठरवलं. मतदारांच्या ‘पारंपरिक व्होट बँका’ वगैरे रंगवणाऱ्या पंडितांनी हे दोन निकाल भिंतीवर शेजारी शेजारी लावावेत.

आता बहुतेक शहरी वाचकांचा कट्टा खिशात असतो. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर पाटी असते: राजकीय पोस्ट टाकू नयेत. आणि खाली सगळं राजकारणच चालतं. भाड्यानं कुणाला ठेवायचं, मासळीच्या वासाचं काय करायचं, कामवाल्या बाईनं कुठली लिफ्ट वापरायची. पक्षाचं नाव निघत नाही, पण सोसायटीचा ‘आपला माणूस’ कसा असतो, काय खातो, कुठल्या लिफ्टमधून येतो, हे मेसेजमागून मेसेज पक्कं होत जातं. नाक्यावर न हसलेला माणूस दिसायचा तरी. ग्रुपवर अंगठे दिसतात, गप्प बसलेले दिसत नाहीत.

सारख्याच मतांची माणसं एकत्र बोलली की काय होतं, हे फार पूर्वीच तपासून झालं आहे. १९६९ साली मोस्कोव्हिची आणि झाव्हालोनी या संशोधकांनी फ्रेंच विद्यार्थ्यांना फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल आणि अमेरिकी लोक यांच्याविषयी आधी एकेकट्यानं मत विचारलं, मग गटात बोलायला लावलं. द गॉल त्यांना आधी बरे वाटत होते, चर्चेनंतर आणखी बरे वाटले. अमेरिकी लोक जरा नावडते होते, ते आणखी नावडते झाले. नवी माहिती कुणी आणलेली नव्हती. प्रत्येकाकडे असलेली थोडी थोडी नाराजी एकत्र ओतली गेली आणि सगळ्यांच्या वाट्याला सगळ्यांची आली.

मग मिश्र कट्टा बरा, असं कुणीही म्हणेल. डायना मट्झ या अमेरिकी अभ्यासकांनी २००६ मध्ये त्यातली अडचण दाखवली. वेगळ्या मतांच्या माणसांशी ज्यांचं उठणंबसणं असतं, ते विरोधकाची बाजू जास्त समजून घेतात, त्याचे हक्क जास्त मानतात. मात्र तेच लोक प्रत्यक्ष राजकारणात कमी उतरतात. दोन्हीकडचे मित्र असले की झेंडा हातात घ्यायला माणूस कचरतो. शेजाऱ्याकडून उद्या साखर आणायची असते. उलट एकाच रंगाच्या कट्ट्यावरचा माणूस हिरिरीनं बाहेर पडतो, पण समोरच्याचं म्हणणं काय हे त्याला धड सांगता येत नाही. समंजस पण घरात बसलेला, की उत्साही पण एकडोळ्या? लोकशाहीला दोन्ही लागतात आणि दोन्ही एका माणसात क्वचित सापडतात. मट्झ यांनी यावर सोपा तोडगा दिला नाही, मलाही तो दिसत नाही.

एक अपवाद मात्र नोंदवायला हवा. टपरी, पार, नाका, शाखा, तावेर्न या सगळ्या मुख्यतः पुरुषांच्या जागा, आणि राजकीय गप्पा म्हटलं की डोळ्यांपुढे त्याच येतात. बायकांचं बोलणं चाले नळावर, रॉकेलच्या लायनीत, रेशनच्या दुकानासमोर. ते राजकारण आहे असं कुणी धरत नसे, बायका स्वतःही नाही. तेल मिळालं नाही, साखर काळ्या बाजारात गेली, पाणी आलंच नाही, इतकंच. दुष्काळ आणि महागाईच्या त्या दिवसांत, १९७२ साली, मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. गोरेगावात पाण्यासाठी लढून ‘पाणीवाली बाई’ झालेल्या समाजवादी मृणाल गोरे आणि मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर एकाच मोर्चाच्या पुढे. पुरुषांच्या कट्ट्यांवर समाजवादी आणि कम्युनिस्ट एकमेकांची उणीदुणी काढत होते तेव्हाची ही गोष्ट. हजारो बायका लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत रस्त्यावर आल्या. त्यांत समाजवादी होत्या, दोन्ही कम्युनिस्ट पक्षांच्या होत्या, आणि कुठल्याच पक्षाच्या नसलेल्या तर कितीतरी. रेशनच्या रांगेत पुढे कोण आणि मागे कोण हे पक्षावर ठरत नव्हतं, तेव्हा त्यांची ‘आपली माणसं’ पक्षाच्या आधीच ठरून गेली होती.